चाळीस कॅराबिनर

त्या माणसाने माझं एका हंगामाचं काम घालवलं. लोक म्हणतात, सोड आता, तो माणूसही गेला. मी सोडत नाही. माझं कुणी काही घालवलं तर ते मला जसंच्या तसं आठवतं, आणि मला तसं आठवलेलं आवडतं. तरी एक कबूल करतो. उंचावर माणूस चढवण्याविषयी मला जे कळतं त्यातलं निम्मं मला त्याच माणसाने शिकवलं. उरलेलं निम्मं मी त्याच्याशी भांडताना शिकलो.

अकोटात सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणायचो. उत्तरेत पहाडातल्या एका गिर्यारोहण प्रशिक्षण केंद्रात चाचा वीस वर्षं सामानाच्या कोठीवर होते. दोर, बूट, तंबू आणि कॅराबिनर द्यायचे, परत घ्यायचे, तपासायचे. कॅराबिनर म्हणजे दोराला माणूस अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी. गुडघा अधू असल्यामुळे ते स्वतः एकही शिखर चढले नव्हते. नोकरी संपल्यावर गावी परत आले. अकोटला उत्तरेला सातपुडा दिसतो, पण गाव सपाट काळ्या मातीवर. तिथे हा माणूस कॅराबिनरचं शास्त्र घेऊन उतरला.

एसटी स्टँडवर कुणीतरी हमखास छेडायचं, "चाचा, पहाडात होते म्हनता. कोनता पहाड चढले?"

"एकही नाही," चाचा म्हणायचे. "पन चढनारे वापस आले ते माह्या सामानावर."

मी वलगावचा. वडिलांची चार एकर जमीन आणि आम्ही तीन भाऊ, तेव्हा मी माझा वाटा न मागता बाहेर पडलो. अमरावतीत हातगाडीवर कासरे आणि नाडे विकायला लागलो, मग दुकान केलं. पुढे कापसाचे वाईट दिवस आले. गावागावांतले बैल विकले गेले तसे माझे कासरे खपेनात. त्याच सुमाराला मोबाइलचे टॉवर उभे राहत होते, पाण्याच्या टाक्या रंगवायच्या होत्या, आणि चढायला माणूस पाहिजे होता. दोर माझ्याकडे होता. माणसंही मिळाली, कारण शेतात थांबून कुणाचं भागत नव्हतं. काल माझ्याकडून कासरा नेणारा आज मजुरीला माझ्या दोरावर लोंबकळू लागला. मी ठेकेदार झालो तो असा. यात कुणाची मेहरबानी नाही.

चाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दर्यापूरजवळच्या एका विहिरीवर. विहिरीत गोऱ्हा पडला होता. मी दोर घेऊन गेलो होतो. चाचांना कुणीतरी मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. काठावर पन्नास माणसं ओरडत होती आणि हे गृहस्थ एक पिशवी उघडून शांतपणे कॅराबिनर निवडत बसले होते. एक हातात घ्यायचा, कानाशी न्यायचा, फाटक उघडायचं, सोडायचं, आवाज ऐकायचा, बाजूला ठेवायचा. फाटक हा त्यांचा शब्द. कॅराबिनरची जी बाजू उघडते ती फाटक.

मी म्हटलं, "बुढेबा, कोनतीही कडी लावा न. जनावर बुडून राहिलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कडी दरवाजाले असते. याले कॅराबिनर म्हन."

मग पोलादी, अंड्यासारखा गोल कॅराबिनर त्यांनी कप्पीला लावला. कप्पी त्यात बरोबर मधोमध बसते, एका अंगाला कलत नाही. खाली उतरणाऱ्या माणसाच्या दोरासाठी मात्र त्यांनी दुसरा काढला, एका टोकाला फुगीर. त्यात दोराची एक गाठ अशी टाकली की माणूस खाली सोडताना ती मोकळी फिरावी आणि थांबवायचा झाला तर पलटी खाऊन आवळावी. मी विचारलं, अंड्यासारखा इथे का नको. आपल्या धंद्यातली गोष्ट विचारायला मी लाजत नाही.

"गाठीले पलटाले जागा लागते," चाचा म्हणाले. "लहान खाटीवर जाडा मानूस झोपला तं कूस कशी बदलीन?"

गोऱ्हा वर आला. गावकऱ्यांनी नारळ फोडला. चाचा नारळाकडे न पाहता एकेक कॅराबिनर पुसून पिशवीत टाकत होते. मी त्याच दिवशी ठरवलं की हा माणूस आपल्या कामाचा आहे. त्यांनी माझ्याविषयी काय ठरवलं ते मला कधी कळलं नाही.

अमरावतीला माझ्याकडे ते एसटीने यायचे. पिशवी वरच्या फळीच्या दांड्याला साध्या, बिनलॉकच्या कॅराबिनरने अडकवायचे. मी विचारलं, माणसाला तर तुम्ही लॉकशिवाय हात लावू देत नाही, मग इथे साधा कसा? म्हणाले, "पिशवीले बायको-पोरं नसतात." एकदा दर्यापूरला एका बाईला तिचं गाठोडं ठेवायचं होतं, म्हणून कंडक्टरने चाचांची पिशवी सरकवायला घेतली. ती हलेना. तो ओढू लागला. चाचा खिडकीशी बसून पाहत होते.

"ओढू नोका. दाबा."

कंडक्टरने पिशवी दाबली. पिशवीतला डबा चेपला.

"पिशवी नाही, फाटक दाबा."

"चाचा, हे पिशवी हाय का म्हैस? बांधून काहून ठेवली?"

"म्हैस असती तं लॉकवाला लावला असता," चाचा म्हणाले. त्यांनी उठून एका बोटाने ती सोडवली, बाईचं गाठोडं आधी ठेवलं आणि पिशवी पुन्हा अडकवली. सगळी गाडी हसली. ते हसले नाहीत. त्यात त्यांना हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

त्यांची एक सवय मला फार महाग पडायची. उंचावरून दगडावर पडलेला कॅराबिनर ते पुन्हा वापरू द्यायचे नाहीत. नुसतं "वापरू नका" म्हणून ते थांबत नसत. हॅकसॉ काढायचे आणि मालकासमोर त्याचे दोन तुकडे करायचे. माझा एक टॉवरवरून पडला, तेव्हा मी हातात धरून उजेडात फिरवून दाखवला.

"चाचा, चरा तरी दिसते काय याच्यावर?"

"दिसला असता तं तूच फेकला असता. न दिसल्यासाठी तं मी हावो."

आणि करवत चालू. माझा जीव जळायचा. ते तुकडे चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीत ठोकून घ्यायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात झारे, चाळण्या, पिठाची पिशवी, सगळं अर्ध्या कापलेल्या कॅराबिनरांवर टांगलेलं असे. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "इनके यहाँ साबुत से ज़्यादा टूटे की क़द्र है, भाई." चाचा म्हणाले, "टूटा हुआ किसी को मारता नहीं." एवढंच. नवराबायकोंचं दिवसभराचं बोलणं बहुधा तेवढंच असावं.

आता माझ्या हंगामाची गोष्ट.

अकोटातल्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, काम निघालं. शेड मोठी आणि उंच. छताचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षांची रुई, कापसाचे उडालेले तंतू, साचलेली. आदल्या वर्षी तिथे आग लागली होती. विमा कंपनीने अट घातली की कैच्या साफ करा, सडलेले पत्रे बदला, चढणारी माणसं नीट बांधलेली असू द्या आणि तसं जाणकाराच्या सहीने लिहून द्या. जिनवाल्या शेठने मला बोलावलं. हे एक काम नीट झालं असतं तर आजूबाजूच्या जिनिंगची कामंही माझ्याकडेच आली असती. माझी नऊ माणसं होती आणि आधीचे दोन महिने त्यांना काम नव्हतं. हे काम हुकलं तर टोळी फुटणार, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं.

सही चाचांची ठरली. त्यांच्याकडे केंद्राचा दाखला होता. त्यांनी मला आधी सांगितलं होतं की पेचवाले घेऊन ये. पेचवाला म्हणजे ज्याच्या फाटकावरची नळी आपल्या बोटांनी फिरवून घट्ट करावी लागते. मी मुंबईला गेलो. तिथे एका बंद पडलेल्या मोठ्या बांधकामाचा माल विकायला निघाला होता. न वापरलेले, खोक्यातले ऑटोलॉक कॅराबिनर होते, सोडले की आपोआप बंद होऊन आपोआप लॉक होणारे. पेचवाल्यापेक्षा कितीतरी महाग माल. मी दीड दिवस त्या माणसाला सोडलं नाही. तो दोनदा रागावून उठून गेला, मी एकदा रागावून उठून गेलो. शेवटी चाळीसच्या चाळीस उचलले. आजवर मी नेहमी स्वस्तात स्वस्त माल घेत आलो होतो. पहिल्यांदा उत्तमात उत्तम घेतला होता. चाचा काय म्हणतील ते ऐकायची मला घाई झाली होती.

चाचांनी शेडमध्येच एक हातात घेतला, कानाशी नेला, फाटक उघडलं, सोडलं. डोळे मिटले. "माल चांगला हाय," म्हणाले.

माझी माणसं हसली. मी छाती फुगवली.

"पन जागा वाईट हाय."

कापूस त्या वर्षी लवकर आला होता. शेठने अर्धी यंत्रं चालू ठेवली होती आणि ती बंद करायला तो तयार नव्हता. शेडमध्ये रुई तरंगत होती. माणसांच्या भुवयांवर, यंत्रांच्या तेलकट अंगावर, सगळीकडे ती बसायची. चाचांनी माझे दहा कॅराबिनर एका लोखंडी दांड्याला, चालत्या यंत्राशेजारी अडकवले आणि स्वतः खाली पोत्यावर बसले. एक तास. आम्ही सगळे उभे. मग उठले, एकेक काढला, फाटक उघडून सोडून पाहिलं. सात बरोबर लॉक झाले. उरलेल्या तीनांचं फाटक मिटलं, पण वरची नळी फिरून जागेवर बसलीच नाही. आत स्प्रिंगपाशी रुई आणि तेलाचा लगदा झाला होता. लांबून पाहिलं तर लॉक झालाय असंच वाटत होतं.

मी म्हटलं, "त्यात काय? दर तासाले हवा मारून साफ करू."

"कोन करीन? तू?"

"करीन न मी!"

"तू तिकडं शेठसंग चहा पेत बसशीन."

माणसं पुन्हा हसली. माझा पारा तिथेच चढला. मी म्हटलं, "पेचवाल्यातही रुई जाते. आन् यंत्राच्या थरथरीनं पेच आपोआप उलगडते हे तुमीच सांगितलं होतं. मंग तो कसा चालते?"

चाचांनी मान हलवली, मुद्दा पटल्यासारखी. "बराबर. म्हनून पेच खाली उतरता ठेवाचा, मंग थरथरीनं तो घट्टच होते. आन् पेच उलगडते हे मानसाले मालूम असते, म्हनून तो दर बारीले हात लावून पायते. हा आपोआप लॉक होते, म्हनून कोनी पायत नाही. जिथं रुई हाय तिथं मानसानं पायलं पायजे."

सुधाकर म्हणून माझा एक माणूस होता, वलगावचाच. तीन एकर कोरडवाहू, घरात खाणारी सहा तोंडं. तो पुढे आला. "चाचा, राहू द्या न. आमी पाऊन घेऊ."

"तूच तं पायनार नाहीस, बाबू," चाचा म्हणाले. फार मायेने म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी ओरडायला लागलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. आयुष्यभर कोठीत बसून लोकांचे बूट मोजणारा माणूस असंही म्हणालो. शेठ दारात उभा राहून ऐकत होता. चाचांनी सहीचा कागद घडी करून माझ्या हातात दिला, कोरा. "पेचवाले आन, सही करतो." मुंबईहून पुन्हा माल आणायला चार-पाच दिवस सहज गेले असते. शेठ म्हणाला, "ठेकेदार, माह्याजवळ तेवढे दिवस नाहीत." आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी ते काम अकोल्याच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याच्याकडे एकही कॅराबिनर नव्हता. शेड न पाहिलेल्या कुणाचीतरी सही त्याने कागदावर आणली होती आणि माणसांच्या कमरेला नायलॉनचा दोर बांधून वर चढवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सुधाकर माझ्याकडे आला.

"भाऊ, मी जाऊ काय तिकडं? राग नोका धरू. घरी बसून काय करू?"

मी म्हटलं, जा. आणखी चौघे त्याच्यामागे गेले. टोळी फुटली.

अकरा दिवसांत त्यांचं काम झालं. कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. हे कळल्यावर मी सकाळची पहिली एसटी पकडून अकोटला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं.

चाचा अंगणात बसले होते. पुढ्यात गरम पाण्याची परात आणि हातात दात घासायचा जुना ब्रश. मी उभ्यानेच म्हटलं, "झालं काम त्यायचं. तुमच्या कॅराबिनरबिगर झालं. पडलं काय कोनी?"

"नाही पडलं. अल्लाहची मेहरबानी."

"मंग? माहं काम काहून घालवलं?"

ते परातीतला एक कॅराबिनर उचलून त्याच्या पेचात ब्रश फिरवत होते. पेचाच्या आट्यांमधून काळी पडलेली रुई निघत होती. पाण्यावरही रुई तरंगत होती. मी परातीत पाहिलं. पेचवाले होते, बारा. चाचांचे स्वतःचे, केंद्रातून निघताना त्यांना भेट मिळालेले. ते त्यांनी मला कधी हातातही घेऊ दिले नव्हते.

"हे त्यायले देल्ले?"

"सुधाकर आलता. म्हने, चाचा, कमरेले दोर बांधून चढवून राहिले, भेव लागते. म्या देल्ले."

"रोजचं काय घेतलं?"

"काय घ्याचं? देल्ले. सकायी जाऊन एकेकाचा पेच पायत होतो, संध्याकायी वापस आनत होतो."

अकरा दिवस. त्या अधू गुडघ्याने. माझ्या दुश्मनाच्या कामावर, फुकट.

"त्या अकोलेवाल्याचं काम नीट व्हावं म्हनून?"

"काम कोनाचं हाय हे कॅराबिनरले मालूम नसते."

"मंग मले काहून नाही देल्ले? मीही तुमच्यासमोरच उभा होतो न?"

चाचांनी ब्रश थांबवला. "तू मांगितले कुठी? तुले तं तुहे चाळीस पास करून पायजे होते."

त्या शेडमध्ये मी तासभर भांडलो, हवा मारायची बोली केली, थरथरीचा मुद्दा काढला, शिव्या दिल्या. पण पंधरा मिनिटांच्या वाटेवर त्यांच्या ट्रंकेत बारा पेचवाले होते, आणि ते द्या असं मी म्हटलं नव्हतं. ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी कुणाकडे काही मागत नाही, विकत घेतो.

मग मी खाली बसलो आणि म्हटलं, "ठीक हाय. आता मांगतो. पुढच्या हप्त्यात दर्यापूरकडं टॉवरचं काम हाय. राहिलेली चार मानसं घेऊन चाललो. हे बारा द्या."

हे म्हणताना माझे कान गरम झाले होते. चाचांनी हातातला कॅराबिनर पंच्याने पुसला, पेच वरखाली फिरवून पाहिला. मग नाही म्हणून मान हलवली.

"टॉवरले हे नाही चालत. तिथं मानूस दिवसातून शंभरदा लावते, शंभरदा काढते. हात थकला का पेच फिरवाचं इसरते. आन् वर रुई नाही. टॉवरले तुहे चाळीस घेऊन जाय. एक नंबर माल हाय. म्या पयल्याच दिवशी सांगितलं होतं."

चाची चहा घेऊन बाहेर आल्या. मी न पिता निघालो.

आयुष्यात एकदा मी कुणाकडे फुकट काही मागितलं, आणि तेही त्या माणसाने दिलं नाही. टॉवरवर मी माझेच चाळीस नेले. पुढे कितीतरी वर्षं वापरले. त्यांतल्या एकानेही कधी दगा दिला नाही, आणि त्याबद्दल मी चाचांना अजून माफ केलेलं नाही.